ऑक्साइडचा अतिपातळ थर: निकेल-अ‍ॅल्युमिनियमवर की चांदीवर?

इंदूरला एम.एस्सी. करून पृष्ठभाग-विज्ञानाकडे वळणाऱ्यांपुढे हा प्रश्न येतोच: थर वाढवायला स्फटिक कोणता घ्यावा?

निकेल-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या (११०) पृष्ठावर (कंसातले आकडे स्फटिक कोणत्या दिशेने कापलाय ते सांगतात) काम जवळजवळ आपोआप होतं. निर्वातात तापवलेल्या स्फटिकावर थोडा ऑक्सिजन सोडला की आतलंच अ‍ॅल्युमिनियम वर येऊन ऑक्साइड बनतं, आणि साधारण ५ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) वाढ थांबते. मग आणखी तापवलं की थर नीट सुव्यवस्थित होतो. पुन्हा केला तरी तसाच. पण जाडी तुमच्या हातात नाही, आणि रचना इतकी किचकट की तिचा उलगडा व्हायला २००५ उजाडलं.

चांदीच्या (००१) पृष्ठावर मॅग्नेशियम ऑक्साइड चढवणं म्हणजे पोळीवर पोळी रचणं: ऑक्सिजनमध्ये मॅग्नेशियमची वाफ सोडा, हवे तेवढे थर घ्या. दोन्ही जालकांत, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतल्या अंतरांत, फरक जेमतेम ३ टक्के. मात्र तापमान, दाब, वाफेचा वेग, सगळ्यावर नजर हवी. नाहीतर सलग थराऐवजी बेटं.

हात बसवायला माझं मत पहिल्याला. मोजमापाची चिंता नको, भिया. राजा रामन्ना केंद्रातला इंडस-२ सिंक्रोट्रॉन (मोजमापासाठी तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) आपल्या गावातच आहे, फक्त अर्ज वेळेवर करा. जाडीनुसार गुणधर्म कसे बदलतात हे पाहायचं असेल, तर चांदीच.