ट्रामच्या केबिनमधली नवी सुरक्षा यंत्रणा : आठ महिने वापरल्यानंतर

अकरा वर्षं मी लाइट रेलची, म्हणजे ट्रामची गाडी चालवते आहे. आठ महिन्यांपूर्वी आमच्या गाड्यांमध्ये दोन नवी उपकरणं बसली. एक, धोक्याच्या वळणाआधी वेग तपासून स्वतःहून ब्रेक लावणारं. दुसरं, चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा. दोन्ही एकाच वेळी आली म्हणून लोक त्यांना एकच समजतात. माझा अनुभव मात्र दोघांचा अगदी वेगवेगळा आहे.

आधी गरज कुठून आली ते सांगते. मेट्रोत चालक चुकला तर सिग्नल यंत्रणा गाडी थांबवते. ट्राम बहुतेक ठिकाणी नजरेवर चालते : समोर जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे, एवढाच नियम. भर रस्त्यात तो पुरतो. पण लांब सरळ मार्ग, मग बोगदा आणि बाहेर पडताच तीव्र वळण असेल, तर सगळा भार एका माणसाच्या जागेपणावर येतो. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे सँडिलँड्सच्या वळणावर हेच घडलं. ताशी २० किलोमीटरच्या वळणात ट्राम ७३ च्या वेगाने शिरली आणि आडवी झाली. ७ प्रवासी दगावले. वळणावर बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ठरलेल्या वेगाला जेवढा असता त्याच्या तेरापटीहून जास्त. चालकाचं भान सुटलं होतं, कदाचित क्षणभर डुलकी लागली असावी, असं तपासात निघालं. त्या गाडीत डेडमन हँडल होतं, म्हणजे चालकाने दाब सोडला की गाडी आपोआप थांबवणारा दांडा. पण भान हरपलं तरी हाताचा दाब तसाच राहिला, तर डेडमन हँडलला काहीच कळत नाही. प्रशिक्षणात हे ऐकलं त्या दिवसापासून मी माझ्या हँडलकडे पूर्वीसारखी निर्धास्त बघू शकले नाही.

म्हणून वेगावरच्या यंत्रणेला माझे पाचपैकी पाच. रुळांच्या मधोमध बीकन, म्हणजे वेगमर्यादा कळवणारी छोटी उपकरणं बसवलीत, गाडीच्या पोटाखालचा वाचक त्यांवरून जाताना मर्यादा ओळखतो. वेग जास्त असेल तर ब्रेक लागतात, गाडी पूर्ण थांबेपर्यंत ते सोडवता येत नाहीत आणि कंट्रोल रूमला आपोआप कळतं. रात्री रिकाम्या गाडीवर चाचणी झाली. बीकनकडे मुद्दाम जास्त वेगाने जायचं आणि ब्रेकला हात लावायचा नाही, असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं. अकरा वर्षांची सवय लागलेला हात आवरणं फार जड गेलं. मग गाडीने स्वतःच वेग आवळला. ब्रेकही हळूहळू वाढत लागला, एकदम हिसका नाही.

हा हिसका नसणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ट्राममध्ये निम्मे लोक उभे असतात, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर मूल. रुळाला चिकटणारा चुंबकीय ब्रेक दर वेळी लागला असता, तर वळणावरचा धोका टळला असता पण आत माणसं पडली असती. पावसाळी सकाळी उतारावर ओल्या पानांवरून चाकं घसरली आणि वेग मर्यादेच्या थोडा वर गेला, तेव्हा यंत्रणेने मला खरोखर थांबवलं. आरशात मागे पाहिलं. सगळे उभेच होते. हायसं वाटलं.

कॅमेऱ्याला तीनच. तो इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे अंधारात उत्तम. पापण्या जास्त वेळ मिटल्या की सीट थरथरते आणि कर्कश आवाज येतो. पण पहिल्या महिन्यात मी दरवाजे बंद करण्याआधी खालच्या स्क्रीनकडे पाहिलं तरी सीट थरथरायची. समोरून कलत्या उन्हात तर एका पाळीत चार-चार वेळा. खोट्या इशाऱ्यांची सवय झाली की खऱ्याकडेही दुर्लक्ष होतं, ही माझी खरी भीती. जुळवणी पुन्हा केल्यावर हे आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. चित्रण कोण पाहणार, शिक्षेसाठी वापरणार का, हे मात्र तिसऱ्या महिन्यात लेखी मिळालं. ते पहिल्या दिवशी हातात हवं होतं. तोवर काही सहकारी इशारा आला तरी कुणाला सांगत नव्हते, आणि थकवा लपवणारा चालक सगळ्यांनाच धोक्याचा.

शिवाय कॅमेरा थकवा आल्यावर ओरडतो. सुट्टीनंतर थेट पहाटे साडेचारची पाळी लावली तर आदल्या रात्री नऊला झोप येत नाही, हे त्याला ठाऊक नसतं. पाळ्यांचा तक्ता अजून जुनाच आहे.

प्रवाशांच्या बाजूने खिडक्यांना जाड फिल्म आणि वेगळ्या बॅटरीवरचे आपत्कालीन दिवे आलेत. सँडिलँड्सला माणसं फुटलेल्या खिडक्यांतून बाहेर फेकली गेली होती, त्यामुळे फिल्मचं महत्त्व मी दिखाऊ मानत नाही.

एक उणीव मात्र राहिली आहे. बीकन कायमच्या वळणांवर आहेत, पण रुळांचं काम चालू असताना घातलेल्या तात्पुरत्या वेगमर्यादेवर नाहीत. तिथे आजही फक्त पाटी. तात्पुरते बीकन लावावेत अशी मागणी मी दोनदा लिहून दिली आहे, पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा देणार आहे.