500 नगांचा संच आणि माझा भागाकार

घरातील जुन्या छायाचित्रांचे स्क्रॅपबुक करायचे ठरवले तेव्हा हाताशी पैसे बेताचेच होते. त्यामुळे सुटा कागद, सुटे स्टिकर आणि सुटी चिकटपट्टी घेण्याऐवजी ‘500 नगांचा संपूर्ण संच’ अशी ऑनलाइन जाहिरात दिसताच मी किमतीला 500 ने भागले. उत्तर इतके लहान आले की पुढे विचार करावा असे वाटलेच नाही. गिऱ्हाईक हा भागाकार करणार हे विक्रेत्याला आधीच ठाऊक असते, किंबहुना 500 हा आकडा त्यासाठीच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, हे मला पार्सल उघडल्यावर कळले.

मी नग मोजले आणि ते खरोखरच 500 भरले. त्यांतील 360 म्हणजे टिकलीएवढे गोल स्टिकर होते, ज्यांतील प्रत्येक ठिपका स्वतंत्र नग धरला होता. आणखी 90 म्हणजे पातळ कागदातून कापलेली अक्षरे आणि आकडे. उरलेल्या 50 मध्ये 40 कागद, वॉशी टेपची (नक्षीदार कागदी चिकटपट्टीची) 5 रिळे, 4 पारदर्शक पाकिटे आणि दुहेरी चिकटपट्टीचे 1 रीळ. स्क्रॅपबुकला ज्यांच्यावाचून चालत नाही अशा वस्तू एवढ्याच. वॉशी टेपही पुठ्ठ्याच्या जाड गाभ्यावर गुंडाळलेली असल्याने भरगच्च दिसत होती, पण उलगडून मोजली तेव्हा एका रिळात 2 मीटरसुद्धा भरली नाही.

कागदाच्या बाबतीत चलाखी अधिक होती. जाहिरातीच्या मथळ्यात ‘12 इंची अल्बमसाठी’ असे लिहिलेले होते आणि मी ते ‘12 इंची कागद’ असे वाचले, यात थोडा दोष माझाही आहे. कागद निघाले 6 इंची, म्हणजे क्षेत्रफळाने अपेक्षेच्या चौथाई. मात्र ‘200 जीएसएम कार्डस्टॉक’ (म्हणजे जाड, ताठ कागद) हा दावा सरळ खोटा होता आणि तो घरातल्या वजनकाट्यावर उघडा पडला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. त्या हिशेबाने 6 इंची चौरस कागदांचे 10 ताव साधारण 46 ग्रॅम भरायला हवेत, ते 23 ग्रॅम भरले, म्हणजे कागद जेमतेम 100 जीएसएमचा होता. (12 इंची 10 ताव असतील, तर 200 जीएसएमला सुमारे 186 ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवावा.)

मी तक्रार केली. उत्तर तत्काळ आणि अतिशय नम्र आले. पार्सल परत पाठवण्याची तसदी घेऊ नये, योग्य मापाचे कागद लगेच रवाना करतो, फक्त तक्रार मागे घ्यावी म्हणजे आमच्या खात्यावर ताण येणार नाही, अशी विनंती होती. मी तक्रार मागे घेतली. त्यानंतर ‘पार्सल वाटेत आहे’ असे सांगण्यात इतके दिवस गेले की परताव्याची मुदत संपली, आणि ती संपताच उत्तरे येणेही थांबले. एकदा मागे घेतलेली तक्रार त्या बाजारपेठेच्या नियमांनुसार पुन्हा उघडता येत नव्हती, ही अट मी तेव्हा प्रथमच वाचली.

इथवरचे नुकसान पैशांचे होते आणि ते मी गिळले असते. सामान निदान वापरून तरी संपवावे, या काटकसरीच्या हट्टाने मी त्याच कागदावर त्याच चिकटपट्टीने मूळ छायाचित्रे चिकटवली. कागदाच्या वेष्टनावर ‘ॲसिड-फ्री’, म्हणजे आम्लविरहित, असे छापलेले होते. दीड वर्षाने वही उघडली तेव्हा पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, चिकटपट्टीचा गोंद पाझरून बाजूला आला होता आणि तीन कृष्णधवल छायाचित्रांच्या पुढच्या बाजूला तपकिरी पट्टे उमटले होते. पीएच, म्हणजे कागदातील आम्लता, तपासण्याचे पेन मी त्यानंतर आणले. त्याची रेघ आम्लविरहित कागदावर जांभळी उमटते आणि आम्लयुक्त कागदावर पिवळी पडते. माझ्या कागदावर ती पिवळी पडली.

खरे तर पेनची रेघ जांभळी आली तरी निर्धास्त होता येत नाही. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन काढलेले नसेल तर आज आम्लविरहित असलेला कागदही प्रकाशात पिवळा पडतो आणि पुढे आम्लधर्मी होत जातो, म्हणून वेष्टनावर आम्लविरहित आणि लिग्निनविरहित अशा दोन्ही गोष्टींचा उल्लेख शोधावा लागतो. ‘फोटो-सेफ’ हा शब्द तर कोणीही छापू शकतो. ज्याने छायाचित्रांवरील परिणामाची चाचणी खरोखर करून घेतली आहे, तो उत्पादक बहुधा आयएसओ 18916 या मानकाचा उल्लेख करतो. संचातील पारदर्शक पाकिटांना नव्या रेनकोटसारखा उग्र वास येत होता, तो पीव्हीसी या प्लॅस्टिकचा. छायाचित्रांसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालते, पीव्हीसी नाही.

त्या जाहिरातीखालचे अभिप्राय मी नंतर पुन्हा वाचले. ‘सुंदर आहे’, ‘लवकर मिळाले’, ‘मुलीला आवडले’. यांतले कोणी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. पार्सल आले त्याच दिवशी लिहिलेला अभिप्राय कागद दीड वर्षाने कसा दिसेल हे सांगणार तरी कसा?

आता मी एका वेळी चार-पाचच ताव घेते, पण ते पेनने आणि काट्यावर तपासून. मूळ छायाचित्रे चिकटवत नाही. त्यांच्या प्रती काढून त्या वापरते, आणि एखादे मूळ छायाचित्र लावायचेच असेल तर कागदी कोपऱ्यांत अडकवते, म्हणजे गोंद त्याला लागत नाही. चिकटवलेल्यांपैकी बहुतेक छायाचित्रे मेण न लावलेला दोरा कागद आणि छायाचित्र यांच्यामधून हळूहळू ओढून सोडवता आली. दोन मात्र सुटली नाहीत, त्यामुळे त्यांच्याभोवतीचा कागद कापून ती तशीच ठेवली आहेत. संचातील टिकल्या अजून तीनशेच्या वर शिल्लक आहेत. त्या मी आठवड्याभरात फेकून दिल्या जातील अशा शुभेच्छापत्रांवर लावते.