काबुकीचोत ओळखीच्या मुलीने बोलावलं आणि ३,२८,९०० येन गेले

रस्त्यावरच्या दलालामागे जाऊन लुटले गेलेल्यांच्या कथा तुम्ही वाचल्या असतील. काबुकीचो या टोकियोतल्या बार-क्लबांच्या वस्तीत तर लाऊडस्पीकरवरूनच सांगत असतात की दलालांच्या मागे जाऊ नका. मी कधीच गेलो नाही. टोकियोत नोकरीला आल्यापासून मी क्याबाकुरात, म्हणजे मुली शेजारी बसून गप्पा मारतात अशा क्लबात, जातो, आणि मला बोलावलं ते वर्षानुवर्षं ओळखीच्या मुलीने.

तिच्या आधीच्या क्लबात मी नेहमी तिलाच 'शिमेई' द्यायचो, म्हणजे जादा पैसे देऊन टेबलावर तिलाच मागायचो. त्यामुळे हे काम कसं चालतं ते मला ठाऊक आहे: शिमेईचे पैसे, गिऱ्हाइकाने पाजलेल्या ग्लासावर कमिशन, बाहेर भेटून गिऱ्हाइकाला सोबत घेऊन येण्याचा कोटा, उशीर झाला की दंड. महिनाअखेरीचा "या ना" हा मेसेज कोट्यासाठीच असतो. तरी जायचो, त्यात गैर काय? लाइन या मेसेजच्या ॲपवर तिने लिहिलं, "नवी जागा आहे, माझ्याकडे कोणीच येत नाही." कोणता जुना गिऱ्हाईक नाही म्हणाला असता?

तासाचे ६,००० येन ठरले. लिफ्टने वर गेलो, टेबलावर दरपत्रक नव्हतं. फूएईहो या अशा क्लबांवरच्या कायद्याने दर लावणं सक्तीचं आहे. दर दिसले नाहीत तर बसू नका.

पण खरा क्षण पुढचा. या धंद्यातली मुलगी स्वतःसाठी काही मागवण्याआधी विचारते, "मी घेऊ का?", कारण बिल गिऱ्हाइकाचं असतं. ही तर ऊलाँग चहाही विचारल्याशिवाय घ्यायची नाही. त्या रात्री तिने विचारलंच नाही. शॅम्पेन उघडलेलीच आली. मी ते पाहिलं. तिचा चेहरा ओढलेला होता, चार लोकांत तिचा अपमान नको म्हणून बोललो नाही. तिथेच उठून निघायचं होतं!

बिल असं: तास ६,०००, शॅम्पेन १,८०,०००, तिची पेयं २४,०००, 'व्हीआयपी' जागा २०,०००. त्यावर ३० टक्के सेवाशुल्क ६९,०००, वर कर २९,९००. दारात दोन माणसं उभी. म्हणाले, तुमच्या कंपनीत फोन करू. ज्याचा व्हिसा नोकरीवर आहे त्याने काय करायचं? कार्डाचा पिन टाकला. तुम्ही टाकू नका. कार्डाची मर्यादा आजच कमी करून घ्या.

चौकीत गेलो तर पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, आम्ही पडत नाही, आपसात मिटवा. टोकियोत अवाजवी वसुलीविरुद्ध २००० सालापासून स्वतंत्र नियम आहे, मग तो कोणासाठी? धमकीचा पुरावा मागितला. पावतीवर नुसतं 'खाणंपिणं'. #९११० या पोलिसांच्या सल्ल्याच्या नंबरवर फोन केला तर पुन्हा ठाण्यातच जा म्हणाले, आणि ठाण्यात मला पहिल्यापासून तेच सगळं सांगायला लावलं. कोणी त्या इमारतीपर्यंत चालत गेलं नाही, आणि ती पाच मिनिटांवर! कार्डवाले म्हणतात, पिन तुम्हीच टाकलात. दारातली बोलणी फोनवर रेकॉर्ड करा, आणि पैसे देण्याआधी पोलिसांचा ११० लावा, नंतर नव्हे.

तिच्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं की एका होस्ट क्लबात (तिथे पुरुष बायकांची सोबत करतात) तिची 'उरिकाके', म्हणजे उधारी, थकली होती. मुलींच्या प्रेमाचा गैरफायदा घेऊन खर्च करायला लावण्यावर जून २०२५ पासून कायद्याने बंदी आहे. तिची उधारी मात्र माझ्यासारख्यांच्या खिशातून फिटते आहे. तिच्या इतर जुन्या गिऱ्हाइकांनाही तोच मेसेज गेला असणार. तुम्हाला आला असेल तर तिला तिच्या क्लबाबाहेर, कॉफीला बोलवा. क्लबातच या म्हणाली तर जाऊ नका.