थीम पार्कला कधी जावं? अमळनेरहून वर्षभर फिरल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. खान्देशातून खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं असेल तर पितृपक्षातला मंगळवार किंवा बुधवार गाठा. तो नाही जमला तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, शिवजयंतीची सुट्टी सोडून. सुरतेकडं जायचं असेल तर जूनमध्ये गुजरातच्या शाळा उघडल्यावर आणि आपल्या उघडायच्या आत. आता हे कसं ठरलं ते सविस्तर.

माझं अमळनेरला कापडाचं दुकान आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, दिवाळी, तुळशीचं लग्न, म्हणजे जगाला सुट्टी असते तेव्हा मी गादीवर असतो. घरात पोरगी सहावीत, पोरगा तिसरीत. त्यांच्या वर्गातली पोरं मे महिन्यात इमॅजिकाला जाऊन येतात आणि आमची नुसती फोटो बघतात. त्यामुळं ऑफ सीझनला जाणं ही आमची हौस नाही, नाइलाज आहे. गेल्या पावसाळ्यापासून हा नाइलाज निरनिराळ्या महिन्यांत वापरून बघितला. कधी आम्ही चौघंच, कधी साडूभाऊंचं कुटुंब बरोबर.

ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं की तो डोळे झाकून सांगतो, 'पावसाळ्यात जा, गर्दी नसते, तिकीटही स्वस्त.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तो खान्देशच्या पावसाच्या हिशेबानं बोलतो. इमॅजिका आहे बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोली-पाली रस्त्यावर. आपल्याकडं वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा तिथं एकट्या जुलैत पडू शकतो. विजा चमकायला लागल्या, सरीचा जोर वाढला की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. नायट्रो हा तिथला रोलर कोस्टर ताशी १०५ किलोमीटरनं धावतो. त्या वेगात पावसाचा थेंब गालावर खड्यासारखा लागतो.

जुलैची खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. पार्कात माणसं कमी होती, पण होती तेवढी सगळी छपराखाली. डीप स्पेस, सलीमगढ, राजासॉरस या आतल्या राइडच्या रांगा बघून वाटलं, ही तर मे महिन्याचीच गर्दी. बाहेर सगळं मैदान मोकळं, आत ओल्या रेनकोटांची रेटारेटी. पोरं नायट्रोच्या फाटकाशी उभी राहून वर बघत होती, राइड सुरू होईल म्हणून. झाली, थोडा वेळ चालली, परत थांबली. निघताना आबा म्हणाले होते, 'कसाले जातस पानीमा?' त्यांना फोनवर काय सांगायचं, ते ठरवत आम्ही कॉफी पीत बसलो. ज्यांना नुसतं वॉटर पार्कच करायचं आहे त्यांना पाऊस चालतो, अंग तसंही भिजणारच असतं. थीम पार्कसाठी जुलै-ऑगस्ट मी तरी कुणाला सांगणार नाही.

डिसेंबरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथंच बरेच जण फसतात. हवा छान, नाताळची सुट्टी अजून लांब, वार बुधवार. कागदावर याहून चांगला दिवस सापडायचा नाही. पार्किंगमध्ये शिरलो तर एसटीच्या लाल गाड्यांची रांग. काचांवर चिकटवलेल्या कागदांवर शाळांची नावं, पुढं 'शैक्षणिक सहल'. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात आणि जानेवारीपर्यंत चालतात, आणि त्या शनिवार-रविवारी नाही, मधल्या वारांनाच निघतात. आमच्या वेळी सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायची. ते २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा आता मुंबई बघून झाली की बसचं तोंड खोपोलीकडं वळतं.

एका रंगाच्या टोप्या घातलेली पन्नास-साठ पोरं एकदम रांगेत शिरतात. पुढचा एक जण जागा धरतो, मागून त्याचा अख्खा वर्ग येतो. पी.टी.चे सर शिट्टी फुंकतात, कुणी ऐकत नाही. माझा पोरगा अशा एका टोळक्यात सापडला आणि भलत्याच शाळेच्या बाईंनी त्याला हजेरीत मोजला. आम्ही हसलो खरे, पण त्या दिवशी मोठ्या राइडपैकी निम्म्यासुद्धा झाल्या नाहीत. डिसेंबरात जायचंच असेल तर गेटवर पोचल्याबरोबर सरळ शेवटच्या टोकाच्या राइडकडं चालत सुटा. सहलीवाले दारातली पहिली राइड दिसली की तिथंच थांबतात.

दिवाळीनंतरचे पंधरा दिवसही असेच फसवे. आपल्या शाळा उघडलेल्या असतात म्हणून वाटतं, आता मोकळं असेल. पण गुजरातेत दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची असते. आपली पोरं शाळेत बसतात तेव्हा तिकडचे लोक लोणावळा-खंडाळा करत खोपोलीला उतरतात. रांगेत पुढं-मागं सगळीकडं 'चालो चालो' ऐकू आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ऑफ सीझन महिना बघून ठरत नाही, कुणाच्या शाळा चालू आहेत यावर ठरतो. त्या दिवसापासून मी आपल्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी गुजरातच्या सुट्ट्याही लिहून ठेवतो. अमळनेर ताप्ती लाइनवर असल्यानं आमचा सुरतेशी व्यवहार रोजचाच. माल तिथूनच येतो, त्यामुळं तिकडची सुट्टी कधी लागली, कधी संपली हे व्यापाऱ्यांकडून आपोआप कळतं.

याच हिशेबातून जूनचा आठवडा हाती लागला. गुजरातच्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडतात, आपल्या १५-१६ जूनला. मधले चार-सहा दिवस आपल्या पोरांना सुट्टी आणि सुरतेची पोरं वर्गात. सुरतेचं अमेझिया वॉटर पार्क अशा एका मधल्या वारी बघितलं. ऊन भयंकर, दमट हवा, पण घसरगुंड्यांवर थांबायचं काम नाही. दक्षिण गुजरातेत पाऊस साधारण महिन्याच्या मध्याला पोचतो, तोवर उरकून घ्यायचं. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर पट्ट्यातल्या लोकांना हा सौदा खोपोलीपेक्षा स्वस्तात पडतो. सकाळच्या गाडीनं जाऊन मुक्काम केला नाही तरी चालतं, फक्त परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

आता पितृपक्ष. कापडवाल्याला या पंधरवड्याचं दुखणं सांगायला नको. गिऱ्हाईक दुकानासमोरून जातं पण पायरी चढत नाही. जळगावच्या सराफ बाजारातल्या माझ्या मित्रांचंही तेच. नवी खरेदी नाही, शुभ कार्य नाही, सुपारी फुटत नाही. लोक सहलीसुद्धा नवरात्रावर ढकलतात. गणपती नुकतेच उठलेले असल्यानं सुट्ट्या आणि पैसे दोन्ही संपलेले असतात, शाळेत सहामाहीचं वारं वाहू लागलेलं असतं. आणि शेतकऱ्याकडं बघाल तर कपाशी बोंडावर असते, वेचणी जोरात यायला अजून अवकाश.

घरातून विरोध झालाच. 'आते पित्तरेस्मा कोठे जातस रे?' म्हणून आबांनी चष्मा काढून ठेवला. आमच्या घरची तिथी झाली, पान वाढून झालं, मगच निघालो. मला यात काही वावगं वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी फेब्रुवारी आहेच.

त्या बुधवारी पहिल्यांदा नायट्रोला रांग नावाची गोष्ट दिसली नाही. लोखंडी कठड्यांच्या वळणांतून नुसतं चालत जायचं, कठडे संपेपर्यंत चालायचं, की समोर गाडीच उभी. उलट तिथला पोरगा आणखी चार माणसं येण्याची वाट बघत होता. या गाडीला पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी लोंबतात. चढावर साखळीचा कटकट आवाज येत राहतो आणि खाली पालीकडचे हिरवे डोंगर दिसतात. वर पोचल्यावर पोरीनं माझं मनगट धरलं ते पाचही उलट्या गिरक्या संपेपर्यंत सोडलं नाही. खाली उतरल्यावर म्हणते, 'पप्पा, परत.' परत गेलो. परत. नंतर तिलाच गरगरायला लागलं तेव्हा थांबलो. सरी अधूनमधून येत होत्या, पण जुलैसारखा दिवसभराचा खोळंबा नव्हता. जेवायच्या वेळेला टेबल रिकामं मिळालं. रांग टाळायला मिळणारं एक्सप्रेसचं महागडं तिकीट काढायची गरजच पडली नाही, आणि चौघांच्या खर्चात सगळ्यात मोठी बचत हीच.

पितृपक्षात एक गोष्ट मात्र बघून घ्या. चौथ्या दिवशी संकष्टी असते. पालीचा बल्लाळेश्वर याच रस्त्यावर पुढं आणि महडचा वरदविनायक खोपोलीजवळच, त्यामुळं संकष्टीला रस्ता भाविकांच्या गाड्यांनी भरतो. तो दिवस सोडा. बाकी कुठल्याही दिवशी म्हातारी माणसं बरोबर असतील तर आदल्या संध्याकाळी पाली-महड दर्शन घडवून आणा. अष्टविनायकातले दोन झाल्यावर पित्तरांची तक्रारही जरा मवाळ होते. आमच्या सासूबाईंना तर पार्कपेक्षा तेच आवडलं.

फेब्रुवारी आरामाचा आहे. सहली आटोपलेल्या, बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू झालेल्या, सकाळी गारवा आणि दुपारचं ऊन सोसेल इतपत. घरात दहावीचं पोर नसेल तर याहून छान हवामान नाही. वॉटर पार्क मात्र या दिवसांत नको, पाण्यात उतरलं की दात वाजतात. आमच्यासारख्यांना लग्नाचे बस्ते सांभाळून निसटावं लागतं, म्हणून मी तो दुसरा नंबर धरतो.

शिर्डीच्या वेट एन जॉय वॉटर पार्कबद्दल एवढंच: तिथं मधला वार म्हणून गुरुवार धरू नका. साईबाबांचा वार आहे, सगळी शिर्डी भरलेली असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि ३१ डिसेंबरला तर तिकडं फिरकूच नका.

प्रवासाचं म्हणाल तर खोपोली आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही. रेल्वेनं जळगाव किंवा चाळीसगावहून रात्री बसून पहाटे कल्याण, तिथून खोपोली लोकल. थेट लोकल नसेल तर कर्जतला बदलायची. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पितृपक्षाच्या मधल्या वारांना जागा मिळते, दिवाळीसारखी मारामारी नाही. एसटीनं गेलात तर २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट आणि २०२३ पासून बायकांचं अर्धं तिकीट, त्यामुळं मोठ्या कुटुंबाला एसटीच परवडते. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांसाठी जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. धुळे, मालेगाव, नाशिक करत इगतपुरीला समृद्धीवर चढलं की आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टळतो. पावसाळ्याच्या शेवटी धुक्यात घाट उतरण्यापेक्षा टोल दिलेला परवडला. पुढं भिवंडी-शिळफाट्याची कोंडी मात्र ऑफ सीझन ओळखत नाही. तिथून सकाळी सातच्या आत निघून जा.

ऑफ सीझनचे तोटेही आहेत. गर्दी कमी असते तेव्हाच पार्कवाले दुरुस्त्या काढतात, तेव्हा एखादी राइड बंद मिळणार हे धरूनच चला. निघण्याआधी फोन करून नेमकी कुठली बंद आहे ते विचारा, तीच तुमच्या पोराची आवडती असू शकते. शो कमी होतात, खाण्याचे सगळे स्टॉल उघडे नसतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या गाडीतच संपवून आत शिरतो. मुक्कामाच्या जागेचीही खात्री करून घ्या. एका लॉजवर 'नाश्त्यासकट' म्हणून पैसे घेतले आणि सकाळी सांगितलं, गिऱ्हाईक नाही म्हणून आचारी गावी गेलाय. रिकाम्या दिवसांत भावात घासाघीस जरूर करा, पण काय-काय मिळणार ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

२०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून सगळे सण पुढं सरकलेत. पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटी लागून १० ऑक्टोबरपर्यंत आहे. त्यात २ ऑक्टोबरला शुक्रवार येतो, म्हणजे गांधीजयंतीला जोडून तीन दिवसांची सुट्टी. तेव्हा मुंबई-पुण्याचे लोक सुटणार. ते तीन दिवस आणि संकष्टी वगळून ६-७ ऑक्टोबरचे मंगळवार-बुधवार माझ्या मते उत्तम, फक्त शाळेचं सहामाहीचं वेळापत्रक आधी हातात घ्या. रेल्वेनं जाणाऱ्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आरक्षणाकडं लक्ष ठेवावं. साडूभाऊ यंदाही येणार म्हणतायत, त्यांच्याकडची तिथी तेवढी कधी येते ते बघायचं राहिलंय.