बोअरच्या पाण्यात दाढीचा फेस: ब्रश आणि साबणाच्या वडीचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात ट्यूबमधली क्रीम बंद करून मी दाढीच्या साबणाची वडी आणि सिंथेटिक केसांचा ब्रश घेतला. आता उन्हाळा लागलाय, म्हणजे लातूरचं पावसाळ्यातलं, थंडीतलं आणि आटत्या बोअरचं असं सगळं पाणी या जोडीनं पाहिलं. दोन्ही वस्तू चांगल्या निघाल्या. पण पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघून मराठवाड्यात कुणी हीच खरेदी केली, तर पहिल्याच आठवड्यात वडी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जाण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे फेस साबणाच्या आधी पाण्यावर ठरतो, आणि ते त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी वस्तूंबद्दल. ब्रश तीनशे रुपयांच्या आतला, केसांची गाठ, म्हणजे मुठीत बसवलेला झुपका, २४ मिलिमीटरची, मूठ प्लॅस्टिकची. वडी साधी, गोल, डबीतली. ती घेताना एकच गोष्ट बघितली: वेष्टनावर पोटॅशियम स्टिअरेट किंवा स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड लिहिलंय का. अंगाचा साबण मुख्यतः सोडियमचा असतो. त्याचे बुडबुडे मोठे येतात आणि गालावर बसायच्या आत फुटतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाण्यात लवकर विरघळतो, आणि स्टिअरिक आम्लामुळे फेस बारीक आणि दाट होतो, टिकतो. नुसतं ‘शेव्हिंग’ लिहिलंय म्हणून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. वासाबद्दल माझं काही मत नाही. दाढी झाल्यावर पाच मिनिटांत तो उडून जातो.

आता पाणी. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. कठीण पाण्यात साबणाला फेस का येत नाही, हे फळ्यावर दरवर्षी लिहितो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्टिअरेटला धरतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा, चिकट साका होतो. या साक्यात साबण वाया जातो हे एक. दुसरं म्हणजे जो फेस तयार झाला असेल त्यालाही तो मारतो. म्हणून बोअरच्या पाण्यात ब्रश कितीही घुसळला तरी आधी फेस आल्यासारखं वाटतं आणि अर्धी दाढी होईपर्यंत गालावर नुसता पांढुरका ओलावा उरतो. ज्या पाण्यात तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवूनही दाण्यासारखी राहते, तेच हे पाणी. हिटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते ती त्याचीच, आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो तोही त्याचाच. घरात या तीनपैकी एक खूण दिसत असेल तर वेगळी तपासणी करायची गरज नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी जिभेवरच मचूळ लागायला लागतं. जारवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) त्यात बुडवला तर आकडा हजाराच्या पुढे जातो. पण इथं एक ध्यानात घ्या. टीडीएस म्हणजे कठीणता नव्हे. त्या आकड्यात साधं मीठही मोजलं जातं, आणि मिठाचा साका होत नाही. मीटरवर विसंबण्यापेक्षा बाटली हलवून बघा. शाळेतला प्रयोग आहे, पाच मिनिटांत होतो. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरायच्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत जारचं. नखाएवढा दाढीचा साबण किसून दोन्हींत तेवढाच टाकायचा आणि झाकण लावून सारखंच हलवायचं. जारच्या पाण्यावर बोटभर फेस चढला आणि तसाच उभा राहिला. बोअरच्या बाटलीत पाणी गढूळ पांढरं झालं, वर तुरळक बुडबुडे आले, आणि थोड्या वेळानं काचेला तंतू-तंतूसारखा मळ चिकटला. साबण तोच, हलवणारा हात तोच.

पावसाळ्यात गच्चीवर पातेलं ठेवून धरलेलं पावसाचं पाणीही असंच वापरून पाहिलं. त्याच्याइतकं गुणी पाणी या कामाला नाही. पहिल्या सरीचं घेऊ नका, त्यात हवेतली धूळ उतरते. नंतरचं घ्या, फडक्यानं गाळा आणि झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. जून-जुलैत माझी बरीचशी दाढी त्याच पाण्यावर झाली.

उकळून काय होतं, असं विद्यार्थीही विचारतात. बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता उकळल्यावर जाते, तीच पातेल्याच्या बुडाला पांढरी बसते. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेली जात नाही. म्हणजे उकळून, निवळून घेतलेल्या पाण्यानं फरक पडतो, पण तुमच्या बोअरला कोणते क्षार आहेत त्यावर तो अवलंबून. माझ्याकडे साधारण अर्धा पडला. धुण्याचा सोडा टाकूनही पाणी मऊ होतं, पण ते तोंडाला लावायचं पाणी नव्हे, कातडी सोलवटेल. तुरटी फिरवून गाळ बसतो, कठीणता बसत नाही. पाणी आरशासारखं नितळ दिसतं आणि फेस तरीही येत नाही. आणि आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून दाढीला वापरत असाल तर कृपा करून थांबा, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. ते फरशीला ठेवा.

माझा कायमचा उपाय जारचं पाणी. दाढीसाठी पिण्याचं पाणी वापरायचं म्हटल्यावर घरात कपाळाला आठ्या पडणार, त्या आमच्याकडेही पडल्या. २०१६ च्या एप्रिलात, दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय, त्या घरात पेलाभर पाण्याचाही हिशेब होतो, आणि व्हायलाच पाहिजे. तर हा हिशेब: ब्रश भिजवणं, फेस करणं आणि तोंडावर शेवटचा हबका मारणं, सगळ्याला मिळून २०० मिलिलिटर पाणी पुरतं. २० लिटरच्या जारमध्ये शंभर दाढ्या होतात. ज्या मगमध्ये रेझर हलवून धुता तो बोअरच्या पाण्यानंच भरा, तिथे काही बिघडत नाही. एवढं सांगितल्यावर बायकोनं आरशाखाली एक छोटी बाटली माझ्यासाठी भरून ठेवायला सुरुवात केली.

फेस करायची रीत आता हाताला बसलीय, ती सावकाश सांगतो, कारण खरी मजा इथेच आहे. तोंड बोअरच्याच पाण्यानं धुतो, पण शेवटचा हबका जारच्या पाण्याचा. दाढीच्या केसांवर कठीण पाणी राहिलं की ब्रशवरचा चांगला फेसही गालावर गेल्यावर विरायला लागतो. वडीवर चार थेंब पाणी टाकून ठेवतो आणि तोवर ब्रश ओला करून झटकतो. सिंथेटिक केस पाणी पीत नाहीत, त्यांना भिजत ठेवायची गरज नसते. हलकं पिळलं की झालं. मग ब्रश वडीवर गोल फिरवायचा. इथं लोक घाई करतात. सात-आठ फेऱ्यांत बुडबुडे दिसतात आणि वाटतं झालं. अजून साबण ब्रशमध्ये चढलेलाच नसतो. मी मनात तीसपर्यंत आकडे मोजतो, हातावर जोर न देता. केसांची टोकं एकमेकांना चिकटून ब्रशवर पिवळसर, जाड लेप दिसला पाहिजे. तो फेस नव्हे, लेपच असतो, आणि या टप्प्याला त्यात पाणी कमीच पाहिजे.

आता स्टीलची वाटी. बोटाची टोकं पाण्यात बुडवून दोन-तीन थेंब, घुसळणं, परत थेंब. पाणी एकदम ओतलं की पातळ, फुग्याफुग्यांचा फेस होतो आणि तो परत दाट होत नाही. थेंब घालत गेलं की आधी लेप सैल होतो, मग त्यात बारीक छिद्रं दिसतात, मग ती छिद्रं दिसेनाशी होतात आणि वरून चकाकी येते. घट्ट विरजलेल्या दह्यासारखा दिसायला लागला की थांबायचं. कानालाही कळतं: फुग्यांचा फेस फसफस वाजतो, जमलेला फेस मुका असतो. शंका असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या मधे थोडा घेऊन चोळा. बोटं एकमेकांवरून सटकली पाहिजेत. अडखळत असतील तर आणखी दोन थेंब पाणी लागतंय.

फेसाचा ढीग किती उंच झाला याला मी महत्त्व देत नाही. काम करतो तो कातडीला लागून असलेला ओला, निसरडा थर. दाढीचा केस कोरडा असताना ताठ असतो, पाणी प्यायला की मऊ पडतो आणि पातं त्यातून कमी जोरात जातं. फेसाचं काम ते पाणी केसापाशी धरून ठेवायचं. म्हणून चेहऱ्यावर लावल्यावरही ब्रश लगेच खाली ठेवत नाही. हनुवटी आणि मिशीच्या जागी मिनिटभर गोल फिरवत राहतो, शेवटी वरून सरळ हात मारतो. माझ्या मानेवर, कॉलरच्या रेषेत, क्रीमच्या दिवसांत लाल पुरळ यायचं. दिवाळीपासून ते आलेलं नाही. पातं आणि रेझर बदललेले नाहीत, त्यामुळे श्रेय फेसाला देतो.

या दिवसांत फेस वाळण्याचा त्रास असतो. ४२ अंशांच्या हवेत, वर पंखा चालू, तर दुसऱ्या गालाकडे जाईपर्यंत पहिल्या गालावरचा फेस कडांनी सुकून पापुद्रा धरतो. पंखा बंद करा, कूलरचा झोत असेल तर पाठ करून उभं राहा, आणि फेस नेहमीपेक्षा थोडा ओला ठेवा. गार पाण्यानं फेस येत नाही असा समज आहे, तो खोटा आहे. मे महिन्यात गार पाण्याचा फेस जास्त सुखाचा. थंडीत मात्र पाणी कोमट घेतो.

ब्रशबद्दल सहकारी बरेच प्रश्न विचारतात. एका मुस्लिम सहकाऱ्यानं पहिलाच प्रश्न केला, हे केस कशाचे? प्रश्न अगदी योग्य आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ब्रशांत डुकराच्या केसांचे बरेच असतात आणि वेष्टनावर ते ठळक लिहिलेलं नसतं. ‘बोअर’ (आपली विहीर नव्हे, इंग्रजी boar, म्हणजे डुक्कर) किंवा नुसतंच ‘ब्रिसल’ दिसलं तर तो डुकराच्या केसांचा समजा. ‘बॅजर’ हा दुसऱ्या प्राण्याचा, महाग असतो. सिंथेटिक म्हणजे कृत्रिम तंतू, त्यात कुणालाच अडचण नाही. मी आधी डुकराच्या केसांचा वापरलेला आहे. तो आधी भिजत ठेवावा लागतो, सुरुवातीचे काही आठवडे टोचतो, नंतर टोकं फुटून मऊ पडतो. पावसाळ्यात नीट वाळला नाही तर त्याला वास मारतो. सिंथेटिक दुपारपर्यंत खडखडीत. केस गळायचे ते पहिल्या काही दिवसांत दोन-चार गळाले, त्यानंतर एकही नाही. एक उणीव आहे: हा ब्रश पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे थेंब घालायचं काम सतत आपल्यालाच करावं लागतं. आणि प्लॅस्टिकची मूठ साबणाच्या हातातून निसटते, तिला मधे खाच असती तर बरं झालं असतं.

कठीण पाण्याचा साका ब्रशच्या गाठीतही साचतो. केस मुळाशी कडक, राखाडी वाटायला लागले की कपभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर टाकून दहा मिनिटं बुडवतो आणि जारच्या पाण्यानं धुतो. मूठ पाण्यात बुडू देऊ नका, गाठीचा गोंद सैल होतो.

तुरटी दाढीनंतर फिरवतो, बारीक काप लगेच थांबतो. पण तुरटीचा हात फेसाच्या पाण्यात जाऊ देत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाचा कॅल्शियमसारखाच साका करतं, वाटीतला फेस डोळ्यांदेखत बसतो. त्यामुळे दुसऱ्यांदा फेस लावायचा असेल तर तुरटी सगळ्यात शेवटी.

वेळ क्रीमपेक्षा जास्त जातो, हे खरं. सकाळी सातची बॅच असते तेव्हाही दहा मिनिटांत होतं, पण पाच मिनिटांत होत नाही. पैशाच्या बाजूनं वडी परवडते. रोजच्या वापरात निम्मी अजून शिल्लक आहे आणि तेवढ्या काळात क्रीमच्या ट्यूबा किती संपतात ते मला माहीत आहे. ज्यांना घरी बोअरशिवाय पाणीच नाही आणि जारही परवडत नाही, त्यांनी वडीच्या मागे लागू नये. ब्रश हाच घ्या आणि क्रीम थोडी जास्त लावा. साका होऊन जेवढा साबण वाया जातो तेवढा भरून निघतो आणि काम चालतं. गावाकडे आमच्या वडिलांना मी तेच दिलंय, एक ब्रश आणि क्रीम. त्यांच्या विहिरीचं पाणी आमच्या बोअरपेक्षा बरं आहे. बाटलीत साबण घालून हलवून बघितलं, अर्धा बोट फेस उभा राहिला. ही वडी संपली की पुढची दोघांसाठी आणणार आहे.