पुरणयंत्र, बाळाच्या चिकनसाठी

लेक सहा महिन्यांची झाली आणि वरचं खाणं सुरू केलं. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दोन चमचे गाजर पात्याखाली नुसतं चिकटून बसायचं. मग सासूबाईंनी मंडईतून स्टीलचं, तीन जाळ्यांचं पुरणयंत्र आणून दिलं. आता रोज तेच.

लाल भोपळा, गाजर मऊ शिजवून घातलं की दोन मिनिटांत लुसलुशीत. सालं, रेषा वरच राहतात. चिकनला मात्र मेहनत आहे. बिनहाडाचे छोटे तुकडे कुकरला 5 शिट्ट्या करून, त्याच पाण्यासकट आधी मिक्सरला फिरवायचे, मग भोपळ्याबरोबर बारीक जाळीतून काढायचे. नुसतं चिकन घातलं तर धागे जाळीत अडकतात आणि हात भरून येतो. पण सहा महिन्यांनंतर बाळाला अन्नातून लोह मिळायलाच हवं, आणि मांसातलं लोह अंगी चांगलं लागतं. मीठ-साखर वर्षाची होईपर्यंत नाहीच.

तक्रार एकच: जाळीच्या कडेच्या खाचेत चिकनचा कण राहतो. मी मऊ ब्रशने घासून जाळी उकळत्या पाण्यात टाकते. घेताना जाळी सुटी निघते ना, हे दुकानातच बघा. काल तिनं वाटी संपवली, तरी चमचा सोडेना.