तांब्याचा बंब: धुळ्याच्या थंडीत वापरून, हिशेब करून लिहिते आहे

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर येतो. कृषी महाविद्यालयात नोंदलेला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "तुमच्याकडे तर मे महिन्यात चव्वेचाळीस असतं ना?" दोन्ही खरं आहे. खान्देशातली जुनी धाब्याची घरं हे दोन्ही सांभाळून घ्यायची. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचं धाबं, त्यामुळे रात्रीही आत ऊब राहायची. आम्ही आता देवपुरात स्लॅबच्या घरात राहतो. मध्यरात्रीनंतर स्लॅब गार पडतो आणि पहाटे गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात बोट घालवत नाही.

थंडीचा खर्च म्हटलं की लोकांना रूम हीटर आठवतो. आमच्यासारख्या घरात खरा खर्च असतो तो अंघोळीच्या पाण्याचा. घरात सहा माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं आणि शिकायला राहिलेला पुतण्या. अठरा लिटरची एक बादली पहाटेच्या गार पाण्यापासून अंगावर घेण्याइतकी कोमट करायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. सहा बादल्यांचे तीन युनिट, म्हणजे महिन्याचे नव्वद. दिवाळीआधी आमचं लाइट बिल नव्वद-पंच्याण्णव युनिटांचं यायचं. हिवाळ्यात त्यात हे नव्वद मिळाले की आकडा शंभरच्या पार जातो, आणि घरगुती बिलात १०० युनिटांच्या वरचा दर खालच्या दराच्या दुपटीच्या घरात आहे. म्हणजे पाणी तापवायला लागणारी जवळजवळ सगळी वीज महागड्या दराने घ्यावी लागते. हे गणित नीट मांडल्यावरच आम्ही बंब, म्हणजे जळणावर पाणी तापवायचं भांडं, घ्यायचं ठरवलं.

गिझर होता. त्याची कॉइल बोअरच्या जड पाण्याने दर वर्षी पांढरी होऊन जायची, आणि दुरुस्तीला येणारा माणूस सांगायचा की नवीनच घ्या. मध्ये रॉडही वापरला. पण मुलं घरात असताना बादलीत सोडलेल्या रॉडची मला कायम धास्ती वाटायची.

बंब आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानातून घेतला. मालक स्वतः कारागीर आहेत. मागे त्यांचं ठोकायचं काम चालू असतं आणि पुढे विक्री. वीस लिटरचा, तांब्याचा, पितळी तोटीचा बंब. वजन सात किलोच्या वर भरलं. घरातली मोड, म्हणजे सासूबाईंचा फुटका हंडा आणि दोन चेपलेल्या कळश्या, दिली आणि वरचे पैसे रोख दिले. मोडीचा भाव दुकानागणिक बदलतो, म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावं.

घेताना एका गोष्टीवर ठाम राहा: वजन करताना तोटी आणि खालची जाळी काढायला सांगा. जाळी लोखंडाची असते. तांब्याच्या भावात लोखंड का मोजायचं? या दुकानदारांनी न सांगता जाळी काढून ठेवली आणि मगच बंब काट्यावर चढवला, तिथेच माझा विश्वास बसला. मग बंबात पाणी भरून तो जुन्या पेपरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, चहा घ्या, तोवर कळेल." अर्ध्या-पाऊण तासाने बंब उचलला तर पेपर कोरडा. मधली नळी जिथे खालच्या बुडाला जोडलेली असते, गळती लागली तर तिथूनच लागते. तो जोड बोटाने चाचपून बघा, खरखरीत किंवा खळगा पडलेला असेल तर घेऊ नका. निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, "आत पाणी नसताना काडी लावायची नाही. जोड सुटला तर डाग द्यायला, म्हणजे झाळायला, परत इथेच यावं लागेल."

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरून उभं गोल भांडं, मधोमध आरपार नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. जळण वरून नळीत टाकायचं, पाणी नळीभोवती राहतं. जाळ पाण्याच्या मधून जातो, म्हणून चुलीवरच्या पातेल्यापेक्षा खूप कमी जळणात पाणी तापतं. एक भरणी चांगली कडक व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि ते पाणी गारात मिसळलं की दोन बादल्या होतात. पहिल्या बादलीपुरतं पाणी काढून लगेच तेवढंच गार वरून ओतत राहिलं तर सहा जणांच्या अंघोळी एकापाठोपाठ होतात.

जळणाचं सांगते, कारण सगळा फायदा-तोटा त्यावरच आहे. शिंदखेडा तालुक्यात भाऊजी शेती करतात. खरिपाचा मका निघाला की दाणे काढलेली रिकामी कणसं पोत्यांनी येतात. नोव्हेंबर-डिसेंबर त्याच्यावर निघतो. कणीस हळू जळतं आणि निखारा चांगला धरतं. जानेवारीत कपाशी उपटली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, येतात. पऱ्हाट्या वीतभर तुकडे करून टाकाव्या लागतात, हे काम संध्याकाळी बसून पुतण्या करतो. दिवसाला तीन-चार किलो जळण पुरतं. एक एकरभर पऱ्हाट्या घरी आणल्या तर आमचा उरलेला हिवाळा आरामात निघून वर उरतात.

शेतकऱ्यांनी इथे एक काळजी घ्यावी. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते, म्हणून पऱ्हाट्या बांधावर किंवा घरामागे पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नयेत असं कृषी खातं सांगतं. आम्ही आल्या आल्या अडकलेली बोंडं खुडून तीच आधी जाळतो, आणि काड्यांचा ढीग उन्हाळ्याच्या तोंडाशी संपवतो. पुढच्या हिवाळ्यासाठी साठवत नाही. भाऊजींच्या शेतात अळी आमच्या बंबामुळे वाढावी, असं कसं चालेल?

आणखी एक सुख सांगायचं राहिलं. अंघोळी आटोपल्यावर जाळीवर निखारा उरतो. त्यात सासूबाई भरताची वांगी भाजतात. पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, हे खान्देशातल्या माणसाला मी काय सांगू. पहाटे त्या मागच्या दारातून हाक मारतात, "पानी तपनं का वं?" आणि हातात दोन वांगी असतात. राख चाळून त्या कडधान्याला लावायला ठेवतात.

आता तक्रारी. तोटी. पितळी आहे, पण सोबत आलेला वॉशर महिनाभरात कडक झाला आणि थेंब थेंब गळू लागला. दुकानात नेल्यावर त्यांनी पैसे न घेता बदलून दिला, पण बंब रिकामा करून न्यावा लागला. घेतानाच एक जादा वॉशर मागून घ्या. दुसरं, क्षार. बोअरचं पाणी असेल तर आतून पांढरा थर बसतो. लिंबाच्या साली आणि मीठ घालून पाणी उकळलं की बराचसा सुटतो, तरी हाताने घासणं अवघड, कारण भांड्याचं तोंड अरुंद आहे आणि मध्ये नळी. मधल्या नळीतली काजळीही आठवड्याला काढावी लागते, नाहीतर जाळ ओढत नाही आणि धूर उलटा फिरतो. पऱ्हाट्या ओलसर असतील तर शेजारच्यांच्या घरात धूर जातो. आमच्या डावीकडच्या काकूंना दम्याचा त्रास आहे. त्यांनी एकदाच सांगितलं, तेव्हापासून बंब उजव्या भिंतीला हलवला आहे आणि जळण आदल्या दिवशी उन्हात टाकतो.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजून वाचा: बंब उघड्यावर पेटवायचा. मागचं अंगण, उघडी पडवी, गच्ची चालेल. बंद बाथरूममध्ये कधीच नाही. खोलीत शेगडी पेटती ठेवून दारं-खिडक्या लावून झोपणंही तसंच. बंद जागेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने अशीच माणसं गेलेली आहेत.

म्हणून फ्लॅटमध्ये राहत असाल तर बंब घेऊ नका. वखारीतून लाकूड विकत घ्यायचं असेल तरी बचत फारशी उरत नाही. स्वतःची किंवा जवळच्यांची शेती असेल तरच हा सौदा खरा. गच्ची आपली असेल आणि एकदम पैसे घालता येत असतील तर सोलर चांगला, कारण आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं. समोरच्यांकडे आहे, त्यांचं पाणी सकाळी सातलाही गरम असतं. मात्र जड पाण्याचा क्षार तिथेही बसतो.

खोली गरम करण्याबद्दल दोनच ओळी. सासूबाईंसाठी आम्ही २००० वॅटचा हीटर आणायच्या बेतात होतो. तासाला दोन युनिट, रात्री चार तास लावला तर महिन्याला २४० युनिट. त्याऐवजी जुन्या गादीतला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, त्यात भाऊजींकडची थोडी नवी रुई घातली आणि जाड रजई भरून घेतली. पिंजाई, भराई आणि टाके धरून जेवढे पैसे लागले तेवढ्यात हीटर आला नसता, वीज वेगळीच. दुपारी चारला खिडक्या लावून घेतो, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आहे, आणि सासूबाई रात्री दोनदा उठायच्या त्या आता पहाटेपर्यंत झोपतात.

बंब आल्यापासून हिवाळ्याचं बिल शंभर युनिटांच्या आसपास थांबलं आहे. एखाद्या महिन्यात थोडं वर, पण पूर्वीसारखं एकशेऐंशी नाही. बंबाचे पैसे तीन-चार हिवाळ्यांत वसूल होतील असा माझा हिशेब आहे, आणि तांबं आहे, मोडीला गेलं तरी किंमत देतं. जस्ताच्या पत्र्याचा बंब याच्या चौथाईत मिळतो. भाड्याच्या घरात असाल तर तोच घ्या. पण आमच्या बोअरच्या पाण्याने तो तीन-चार वर्षांत बुडाकडून गंजतो, असं गल्लीतल्या दोन घरांत पाहिलं आहे.

दुकानाला पाचपैकी साडेचार, बंबाला चार. घ्यायला ऑक्टोबरातच जा. थंडी पडल्यावर कारागिराकडे इतकी कामं असतात की पाणी भरून पेपरवर ठेवायला कोणाला वेळ नसतो, आणि ती तपासणी झाल्याशिवाय बंब घरी आणू नका.